वैशालीच्या नंबरावर

शर्यतीच्या त्या सकाळी माझ्या छातीवर टाचलेला नंबर माझा नव्हता. माझी मैत्रीण वैशाली हिचा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण आजारपणाबद्दल कुणी विचारलं की गेले आठ महिने मी तापाबद्दल बोलते, उन्हाबद्दल बोलते, मूत्रपिंडांबद्दल तर फळ्यावर आकृती काढून बोलते, आणि नंबराचं मात्र गिळून टाकते. मूत्रपिंडं बरीचशी परत मिळाली. त्या नंबरामुळे वैशालीच्या वडिलांवर जी वेळ आली, तिचं काय करायचं हे मला कळत नव्हतं. त्यांना जाऊन भेटायची माझी हिंमत होत नव्हती.

हे लिहिते आहे ते माझ्यासारख्या हौशी पळणाऱ्यांसाठी. हौस वाईट नसते. हौशीपायी आपण घरच्यांशी जे खोटं बोलतो, ते फार महाग पडतं.

नाद

मी नंदुरबारच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. माहेर रनाळ्याचं. पोहायला शिकले ते मळ्यातल्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. सायकल शाळेसाठी मिळाली होती. धावायला मात्र पस्तिशीत लागले, वजन कमी करा असं डॉक्टरांनी सुनावलं म्हणून. या तिन्ही गोष्टी एका दमात करायची शर्यत असते आणि तिला ट्रायथलॉन म्हणतात, हे शाळेतल्या एका सरांनी मोबाईलवर दाखवलं आणि मी नादी लागले.

आमच्याकडे ट्रायथलॉन होत नाही. त्यासाठी बाहेरगावी जावं लागतं. इथे होतात त्या धावण्याच्या आणि सायकलच्या शर्यती. पहाटे मैदानावर जमायचं, कुणातरी पाहुण्याचं भाषण थंडीत कुडकुडत ऐकायचं, आणि मग मिरचीच्या पथाऱ्यांच्या कडेने पळायचं. पथारी म्हणजे मिरची वाळवायची मोकळी जागा. तिथून जाताना सगळे स्पर्धक ओळीने शिंकतात. सायकलच्या शर्यतीत शहाद्याच्या रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आडव्या येतात, आणि गाडीवान आपल्याला अगदी शांतपणे सांगतो की एवढी घाई असेल तर काल निघायचं होतं. शेवटी उपमा, केळं आणि पदक. मला हे सगळं फार आवडायचं. अजूनही आवडतं, म्हणून तर लिहिताना जीव जड होतो.

सासूबाईंना हे पटायचं नाही, पण त्यांनी कधी अडवलं नाही. मी पळून घामाघूम घरी आले की विचारायच्या, "कोन मांगे लागनं वं तुन्हा, एवढी पयी ऱ्हायनी ती?"

वैशाली शहाद्याची. तिचे यजमान सैन्यात, सीमेवर. आम्ही दोघी दर रविवारी आपापल्या गावाहून सायकलवर निघायचो आणि मधल्या प्रकाशा गावच्या तापीवरच्या पुलावर भेटायचो. वेगात मी तिच्या पुढे होते. अकलेत ती माझ्या पुढे होती.

गोळी

शर्यतीच्या सकाळी दुखण्याची एक गोळी घेऊन टाकायची, ही सवय मला कुणी लावली ते आठवत नाही. मी मात्र ती चौघींना लावली. गुडघा कुरकुर करायच्या आधीच त्याला गप्प करायचं, असं मी मोठ्या शहाणपणाने सांगायची. दहावीला उत्सर्जन संस्था शिकवणारी बाई हे सांगत होती, हे विसरू नका.

गेल्या फाल्गुनात, सातपुड्यातल्या काठी गावची होळी आठवड्यावर आली असताना, नंदुरबारला एकवीस किलोमीटरची शर्यत होती. शर्यतीच्या पाच दिवस आधी मला ताप भरला. डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली. माझा नवरा संदीप मिरचीचा व्यापार करतो, पथारीवर दिवसभर उन्हात उभा असतो, आणि तापाला तो माझ्यापेक्षा जास्त मान देतो. त्याने माझ्यासमोर आयोजकांना फोन लावला आणि माझं नाव काढायला सांगितलं. मी मान डोलावली. मान डोलावणं मला छान जमतं.

त्यानंतरचे तीन दिवस मी चोरून त्याच दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या. थर्मामीटर लावायच्या तासभर आधी एक, झोपताना एक. ताप उतरलेला दिसायचा आणि मला वाटायचं, बघा, मी बरी आहे. स्वतःलाच फसवून वर स्वतःचीच पाठ थोपटत होते.

वैशालीही धावणार नव्हती. तिचे चुलत सासरे वारले होते, घरात सुतक होतं आणि शर्यतीच्याच दिवशी प्रकाशाला दहाव्याचे विधी होते. तिचा नंबर आणि टी-शर्ट मी आधीच उचलून आणले होते. फोनवर ती म्हणाली, "पडू दे तुन्हा घरमा. सुतक सरनं का मी ली जासू."

रविवारी पहाटे संदीपला सांगितलं की घरात बसून कंटाळले, स्कूटीवर रनाळ्याला आईकडे जाऊन येते. वैशालीचा नंबर पिशवीत होता. तिला विचारलं नव्हतं.

का केलं असं, हे मला दवाखान्यात सगळ्यांनी विचारलं. दोन महिन्यांनी मोठी ट्रायथलॉन होती, पाय तयार आहेत का बघायचं होतं, हे मी दिलेलं उत्तर. खरं उत्तर असं की बाकीचे पळत असताना मी घरी बसले आहे ही कल्पना मला सहन होत नव्हती. एवढंच.

हो

ओळखलं जाऊ नये म्हणून मी टोपी कपाळावर ओढली, काळा चष्मा लावला आणि सगळ्यांच्या मागे उभी राहिले. आधी एक गोळी घेतली होती. दहा किलोमीटर बरे गेले. मग ऊन चढलं. पंधराच्या पुढे घाम यायचा थांबला आणि मला आनंद झाला, की वा, आता अंग सरावलं. मांड्या लाकडासारख्या झाल्या. एका पथारीच्या कुंपणाशी मी बसले असं मला आठवतं. बघणारे म्हणाले, तू बसली नाहीस, पडलीस.

मदतीला बाहेरच्या कॉलेजची मुलं होती. मला ओळखणारे सगळे केव्हाच पुढे निघून गेले होते. मुलांनी नंबराचा कागद उलटला. त्याच्या पाठीवर स्पर्धकाचं नाव, रक्तगट आणि अडचणीत कुणाला कळवायचं त्यांचा फोन लिहिलेला असतो. वैशालीचे यजमान लांब, म्हणून तिने वडिलांचा नंबर लिहिला होता. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. शहाद्याच्या पलीकडे त्यांचं गाव आहे, पपई लावतात.

दवाखान्यात मला "वैशाली, डोळे उघडा" म्हणत होते आणि मी "हो" म्हणत होते. मला यातलं काही आठवत नाही. नर्सने नंतर सांगितलं.

फोनवर आप्पांना विचारलं, तुमच्या मुलीला काही आजार आहे का, कोणती औषधं चालू आहेत का. ते म्हणाले, "मन्ही पोर कधी गोयी खास नही, साहेब. तिले कायबी आजार नही." ते त्यांच्या मुलीबद्दल अगदी खरं बोलत होते. मी तापाने फणफणले होते, पाय दुखतात म्हणून कण्हत होते, तेव्हा मला दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं गेलं. तीन दिवस त्याच जातीच्या गोळ्या खाऊन आलेल्या बाईला ते द्यायचं नसतं. पण त्या बाईची त्यांना कल्पनाच नव्हती. त्यांनी कागदावरच्या बाईवर उपचार केले, आणि ते उपचार बरोबर होते.

आप्पांनी आधी वैशालीला फोन केला. ती घाटावर होती, फोन घरी. मग शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ते निघाले. प्रकाशाचा पूल ओलांडला तेव्हा त्यांची मुलगी पुलाखाली घाटावर बसलेली होती, धडधाकट. तिकडे गावी त्यांच्या दारात बायका जमल्या आणि रडारड सुरू झाली. दोन तासांनी आप्पा दवाखान्यात पोचले, पडद्यामागे आले आणि म्हणाले, "हाई मन्ही पोर नही शे. हाई शुभांगी शे. हिना मालकले फोन लावा." शुभांगी म्हणजे मी. शेवटी संदीपला फोनही त्यांनीच केला. संदीप त्या वेळी पथारीवर मिरची उलटवत होता, मी पडले तिथून फार तर दोन किलोमीटरवर.

सुरत

आमच्याकडे मोठं दुखणं आलं की माणूस सुरतेला जातो. मलाही त्याच दिवशी नेलं. लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती आणि मग बंदच झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर पलंगाशी खुर्ची ओढून बसले. डॉक्टर खुर्ची ओढतात तेव्हा बातमी चांगली नसते, हे मला तिथे कळलं. ते म्हणाले, "बेन, दोनों किडनी अभी बंद हैं. चालू होंगी कि नहीं, पंद्रह-बीस दिन में पता चलेगा. तब तक मशीन."

मग त्यांनी विचारलं, गोळ्या किती खाल्ल्या. संदीप शेजारी उभा होता. मी म्हटलं, दोन. त्या अवस्थेतही म्हटलं. दुपारी तो औषधं आणायला खाली गेला तेव्हा मी डॉक्टरांना बोलावून खरा आकडा सांगितला. ते रागावले नाहीत, फक्त लिहून घेतलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मानेत नळी घातली आणि एक दिवसाआड चार-चार तास मशीन सुरू झालं. माझं रक्त बाहेर जाऊन धुऊन परत येताना मला दिसायचं. पहिल्या वेळी मी डोळे मिटून घेतले, तिसऱ्या वेळी तिथल्या तंत्रज्ञाला प्रश्न विचारायला लागले. त्याने मशीनचा एकेक भाग समजावून सांगितला. मास्तरणीची खोड, तेवढाच वेळ जायचा.

सगळ्यात कठीण पाणी. दिवसाला सहाशे मिली, त्यात चहा-औषधाचं पाणी धरून. विहिरीत वाढलेली मी, दिवसभर स्टीलच्या छोट्या पेल्याकडे बघत बसायची. सासूबाई तीन आठवडे माझ्याजवळ राहिल्या. त्या काळात मी त्यांना पाणी पिताना एकदाही पाहिलं नाही. तहान लागली की बाहेर जिन्याशी जाऊन पिऊन यायच्या, पदराला तोंड पुसून मगच आत. हे मला शेजारच्या पलंगावरच्या गुजराती बाईंनी सांगितलं. मी सासूबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तठे वारा गार शे, म्हनीसन जास." विषय संपवला.

संदीप माझ्याशी बोलत होता, पण कामापुरतं. फाइल, रिपोर्ट, मोसंबी चालत नाही, सफरचंद चालतं. आठव्या दिवशी त्याचा बांध फुटला. आवाज चढवला नाही. पायाशी बसून, खाली बघत म्हणाला, "तुन्ही बायको मराले टेकेल शे, हाई माले दुसरानी पोरना बापनी सांगं. माले कोनी इचारतं तर मी सांगतू ना ताप व्हता ते." मी त्याची माफी मागितली. तो "हां" म्हणाला. अजूनही पूर्ण मोकळा झालेला नाही, आणि मी त्याला घाई करत नाही.

सोळाव्या दिवशी मला लघवी झाली. अर्धा कपसुद्धा नसेल. सासूबाईंनी ते मापाचं भांडं उजेडाकडे धरून तूप बघावं तसं निरखलं आणि संदीपच्या हातात दिलं. तो ते घेऊन नर्सकडे अक्षरशः पळत गेला. आमच्या घरात पळण्याचं कौतुक पहिल्यांदाच झालं असेल.

पुढच्या आठवड्यात मशीन सुटलं.

वैशाली

वैशाली सुरतेला एकदा आली होती. पलंगाच्या कडेला बसली, माझे पाय दाबून दिले. मग म्हणाली, "मी जित्ती शे नि लोके मन्हा नावनं रडी बठनात." हे ती हसून सांगेल असं मला वाटलं. ती हसली नाही. घाटावरून घरी आल्यावर तिला फोनवर फोन आले होते, आणि दर फोनला तिला सांगावं लागलं होतं की मी मेलेली नाही. सुतकातही शर्यतीतलं नाव तसंच ठेवलं म्हणून सासरी दोन दिवस कुजबुज चालली ती वेगळीच.

"नंबर घ्यायचा तर विचारायचं होतं," असं ती एकदाही म्हणाली नाही. मी वाट बघत होते. ती फोन करते, पथ्य विचारते. रविवारी पुलावर मात्र आता कुणी कुणाला भेटत नाही. तिने सायकल भाच्याला देऊन टाकली.

आप्पा मला बघायला आले नाहीत. सुरतेला नाही, नंदुरबारला परतल्यावरही नाही. ओळखीपाळखीचं सगळं शहादा येऊन गेलं. त्यांचा राग रास्तच होता असं मी धरून चालले.

आता

मूत्रपिंडं चालतात, पूर्वीइतकी नाही. दर महिन्याला रक्त तपासते. दुखण्याची गोळी जन्मात कधीच नाही. चालायला, सावकाश सायकल चालवायला परवानगी आहे. लांब शर्यत नाही. डॉक्टरांनी "अभी नहीं" म्हटलं, पण कसं म्हटलं ते मी ऐकलं. मोठ्या ट्रायथलॉनचं नाव मी स्वतः काढलं. ज्या चौघींना गोळीची सवय लावली होती, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या नवऱ्यांसमोर सगळं सांगितलं. एकीने तोंडावर सांगितलं की तुझं नशीब खराब होतं, गोळीचं काय. मी वाद घातला नाही. मानेवरचा नळीचा व्रण दाखवला आणि चहा न घेता उठले.

तुम्हाला एवढंच सांगते. ताप असताना घरी बसा. दुसऱ्याच्या नंबरावर धावू नका, आपला कुणाला देऊ नका. कागदाच्या पाठीवर जे लिहिलेलं असतं, ते खरोखर कुणालातरी फोन करतं.

पपईची बाग

दिवाळी झाल्यावर मी आप्पांकडे गेले. संदीप सोडायला तयार होता, मी एसटीने एकटीच गेले. प्रकाशाच्या पुलावरून जाताना खिडकीतून खाली बघवलं नाही. काय बोलायचं ते रस्ताभर जुळवत होते. आप्पा, माझ्यामुळे तुम्हाला हे भोगावं लागलं. आप्पा, मला क्षमा करा. चांगली चार वाक्यं तयार होती.

ते बागेत बाजेवर बसले होते. मला बघून उठले, लगबगीने बाज झटकली. "ये, बठ. पानी चालस ना तुले आते?"

चालतं म्हटलं. त्यांनी माठातलं पाणी स्वतः आणून दिलं. मी पेला खाली ठेवला आणि सुरुवात केली, "आप्पा, त्या दिवशी..."

त्यांनी हात वर केला. "आधी मन्हं आयकी ले." हातातल्या पपईच्या पानाचा देठ सोलत राहिले.

"गाडीवर मांगे बठीसन मी पोरले शिव्या देत व्हतू," ते म्हणाले. "सुतकमा पयाले गयी म्हनीसन. पूल वलांडा नि शिव्या सरी गयात. मंग नुसती पोर डोयासमोर दिखे. ल्हानपननी."

त्यांनी सोललेला देठ बाजूला टाकला.

"तठे बाईनी पडदा बाजूले कया. तोंड दिखनं ते तुन्हं. नि मी हासनू, माय. तू आशी मराले टेकेल, नि मी मोठा मोठाले हासनू. ती नर्स मन्हाकडे देखतच ऱ्हायनी." त्यांचा आवाज अगदी खाली गेला. "मन्ही पोर नही म्हनीसन हासनू. पन हाईबी कोना तरी बापनी पोर शे, याना इचारबी मन्हा मनमा उना नही."

"आप्पा, कुणालाही तसंच..."

"आठ महिना व्हयनात. वैशाली सांगस, तिले देखाले चाल. मी जास नही. तुन्हा बापले मी काय तोंड दावू?"

त्यांचे डोळे भरले होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. माझी चार वाक्यं तोंडातच राहिली. ती बोलून मी त्यांना आणखी काय देणार होते? मी त्यांचा हात धरला. तुमचं काही चुकलं नाही, माझ्या वडिलांनीही हेच केलं असतं, असं म्हटलं. त्यांनी मान हलवली, त्यांना ते पटलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

परतीची एसटी येईपर्यंत मी तेच बोलत राहिले, तुमचं काही चुकलं नाही. मी माफी मागायला गेले होते. बसल्या जागी मी ती देऊन आले, आणि मागायची राहूनच गेली.